वाचनाची खूण

पुस्तक मिटतांना वाचकाला एका गोष्टीची सोय करून ठेवावी लागते. उद्यां पुन्हां बसल्यावर आपण कोठें होतों, हें त्याला कळलें पाहिजे. कोणी दोरा घालतो, कोणी मोरपीस ठेवतो, कोणी पानाचा कोपरा दुमडतो. गोष्ट लहान दिसते. परंतु तिच्या मागें मोठा इतिहास आहे, आणि आजच्या ई-पुस्तकांनीं तो पुन्हां उजळणीस लावला आहे.

फैजपूरसारख्या खानदेशांतील गांवांत चातुर्मासांत पोथी लावण्याची चाल जुनी आहे. एकानें वाचावें, आळीनें ऐकावें. शेतकामामुळें चार दिवस न आलेला गृहस्थ ओसरीवर टेकतांच विचारतो, “पोथी कुठवर आली?” उत्तर मिळतें, “आठवा अध्याय लागला.” पान कितवें हें तो विचारीत नाहीं, आणि कोणी सांगतही नाहीं.

ह्याचें कारण पोथीच्या घडणींत आहे. हस्तलिखित पोथी म्हणजे सुटीं, आडवीं पत्रें. पत्राच्या पाठीमागें कडेच्या मोकळ्या जागेंत अंक घातलेला असे. पत्रें विस्कटलीं तर तीं क्रमानें लावतां यावींत, हा त्याचा उपयोग. एका लेखकाचें अक्षर बारीक, दुसऱ्याचें टपोरें. त्यामुळें एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्यांचीं पत्रें जुळण्याची आशा नसे. म्हणून जुन्या लोकांनीं ग्रंथाचें माप कागदावरून न घेतां मजकुरावरून घेतलें. ३२ अक्षरांचा एक श्लोक धरून ते गद्य ग्रंथाचीही लांबी मोजीत. ओवीच्या शेवटीं दोन दंडांच्या जोडींत तिचा अंक बसला. ज्ञानेश्वरीचे १८ अध्याय, दासबोधाचे २० दशक व प्रत्येक दशकाचे १० समास, ही वांटणी कोणत्याही प्रतींत तीच राहते. निरनिराळ्या प्रतींत ज्ञानेश्वरीच्या ओव्या थोड्या कमीजास्त भरतात खऱ्या. पण शोधणारा दहापांच ओव्यांच्या अंतरानें का होईना, मुक्कामीं पोंचतोच. गुरुचरित्राच्या सप्ताहांत तर रोज कोठें थांबावयाचें हेंही परंपरेनें ठरलेलें असतें. वाचक चुकला तर ऐकणारे त्याला सावध करतात.

पुढें छापखाना आला. बाळशास्त्री जांभेकरांनीं १८४५ सालीं ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापून काढली. छापील ग्रंथाच्या एका आवृत्तींतील सर्व प्रती सारख्या असतात. म्हणून मास्तरांनीं “पान चाळीस काढा” म्हटलें कीं सगळ्या वर्गाचें तेंच पान निघतें. हा मुद्रणकलेचा मोठाच उपकार होय. मात्र नव्या आवृत्तींत खिळे बदलले, आकार बदलला, कीं हीच खूण खोटी ठरते.

जुनी रीत नव्या पुस्तकांतही टिकूं शकते, ह्याचा उत्तम दाखला खानदेशांतच घडला. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारीं एक, अशीं गीतेवर १८ प्रवचनें दिलीं. तीं साने गुरुजींनीं लिहून घेतलीं. हेच गुरुजी पुढें १९३६ च्या डिसेंबरांत भरलेल्या फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनासाठीं खेडोपाडीं राबले. ‘गीता-प्रवचने’ ह्या ग्रंथांत अध्यायांच्या पोटांत १ पासून १०८ पर्यंत सलग आंकड्यांचीं प्रकरणें आहेत. मराठी वाचकानें एखाद्या प्रकरणाचा अंक सांगितला, कीं भाषांतर वाचणाऱ्यास तोच मजकूर सांपडतो. गुरुजींच्या ‘श्यामची आई’ची वांटणी तर ४२ रात्रींची आहे. मूल “माझ्या दहा रात्री झाल्या” असें सांगतें, आणि आईला तें कोठें आहे हें तत्काळ उमगतें.

आतां ई-पुस्तकाकडे वळावें. १९७१ सालीं अमेरिकेंत मायकेल हार्ट ह्यांनीं संगणकावर ग्रंथ उतरविण्यास आरंभ केला. २००७ च्या नोव्हेंबरांत किंडल हें वाचनयंत्र बाजारांत आलें, आणि २०१६ च्या डिसेंबरांत त्यावर मराठी पुस्तकें मिळूं लागलीं. ह्या यंत्रांत अक्षर हवें तेवढें मोठें करतां येतें. म्हाताऱ्या डोळ्यांस तें वरदानच आहे. पण अक्षर वाढलें कीं पानें वाढतात, आणि ‘पान चाळीस’ ह्या शब्दांना अर्थ उरत नाहीं. म्हणून यंत्र करणारांनीं मजकुराचे लहान ठराविक तुकडे कल्पून त्यांस अंक दिले. ३२ अक्षरांचें माप धरणाऱ्या लेखकांना ही युक्ति परकी वाटली नसती. लोकांना छापील पानांची संवय असल्यामुळें २०११ सालीं कांहीं पुस्तकांत तेही आंकडे जोडण्यांत आले. शिवाय पुस्तक शेंकडा किती झालें आणि अध्याय संपण्यास किती मिनिटें राहिलीं, हें पडद्याच्या तळाशीं दिसतें.

शेंकड्याचा आंकडा एकट्याच्या उपयोगाचा आहे. “माझें ३७ टक्के झालें” ह्यावरून छापील प्रत वाचणाऱ्या शेजाऱ्याला नेमकी जागा कळत नाहीं. वाचकाची खूण एका यंत्रावरून दुसऱ्यावर जावी म्हणून ती विकणाऱ्या कंपनीच्या संगणकांत नोंदली जाते. पूर्वी पोथी कुठवर आली हें आळीला ठाऊक असे. आतां तें दूरच्या दुकानदाराला ठाऊक असतें आणि आळीला नसतें.

ह्यावरचा उपाय महागाचा नाहीं. मराठी ई-पुस्तकें काढणारांनीं प्रकरणांस आणि परिच्छेदांस अंक द्यावेत, आणि तेच छापील प्रतींतही ठेवावेत. मग धुळ्याचा विद्यार्थी हातांतल्या यंत्रावर आणि फैजपूरचे आजोबा कागदावर वाचीत असले, तरी एकानें “कुठवर आलें?” म्हणून विचारावें आणि दुसऱ्यानें उत्तर द्यावें, एवढी सोय राहील.