आठ रुपयांपासून मराठीच्या पेपरापर्यंत

1902 हे साल आम्हा कोल्हापूरकरांना तोंडपाठ आहे. 26 जुलै रोजी राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या रिक्त जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सारे मागास, अशी त्या हुकुमाची व्याख्या होती. म्हणजे त्यात आपणही आलो. त्याच वर्षी इंग्रज सरकारने अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस आयोग नेमला. पोलिसांच्या लाचखोरीची तक्रार देशभर होती. शिपायाला निदान पोटापुरता पगार हवा, दरमहा किमान 8 रुपये तरी द्या, असे आयोगाने सुचवले.

त्या काळी शिपायाची उंची, छाती आणि तालमीत कमावलेले अंग पाहत. शिक्षणाची फारशी चौकशी होत नसे. हवालदार, जमादार, फौजदार, शिपाई हे शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आले. जमादार तर आमच्याकडे आडनावच आहे.

1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राज्य बदलले, पण शिपायाची ओढाताण संपली नाही. शिपायाला अकुशल मजूर समजू नका, कुशल कामगाराच्या तोडीचा पगार द्या, असे राष्ट्रीय पोलीस आयोगाला 1979 मध्येही सांगावे लागले. ऑगस्ट 1982 मध्ये तर मुंबईचे पोलीसच रस्त्यावर उतरले आणि सरकारला लष्कर बोलवावे लागले.

पुढे वेतन आयोगांनी चित्र पालटले. पाचव्या आयोगात शिपायाचे मूळ वेतन 3,050 रुपयांपासून सुरू होई. सातव्या आयोगात, म्हणजे 1 जानेवारी 2016 पासून, ते 21,700 झाले. महागाई भत्ता, घरभाडे वेगळे. 1 नोव्हेंबर 2005 नंतर भरती झालेल्यांची जुनी पेन्शन गेली, तरीही गर्दी वाढतच राहिली. बाहेर सारे कंत्राटी झाल्यावर महिन्याच्या महिन्याला पगार देणारी नोकरी सोन्याची वाटणारच. 2024 च्या भरतीत 17,471 जागांसाठी पावणेअठरा लाखांच्या आसपास अर्ज आले. एका जागेमागे शंभर! बारावीच्या पात्रतेच्या या नोकरीसाठी पदवीधरही रांगेत उभे होते.

या रांगेत आपण कुठे? सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालात, ज्या राज्यांनी आकडे दिले तिथे पोलीस शिपायांत मुस्लिमांचे प्रमाण सुमारे 6 टक्केच आढळले. देशाच्या लोकसंख्येत मात्र आपण 2001 साली 13.4 टक्के होतो. याला भेदभाव कारण नाही, असे आम्ही म्हणणार नाही. पण आमच्या हातातले एक कारण आम्ही लपवणारही नाही.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. फजरची नमाज पढून आमची पोरे धावायला जातात. सोळाशे मीटर धावण्यात, गोळाफेकीत ती कुणाला हार जात नाहीत. पण मैदानाचे गुण 50 आणि लेखी परीक्षेचे 100. ती परीक्षा मराठीतून, आणि तिच्यात मराठी व्याकरणही. समास आणि प्रयोग आले की आमच्या पोराचा हात थांबतो. दोष त्याच्या बुद्धीचा नाही, उर्दूचाही नाही. मराठीचा तास ज्यांनी उरकून टाकला, त्या आम्हा शिक्षकांचा आहे.

महाराजांनी 1902 मध्ये दार उघडले होते. आज त्या दाराशी मराठीचा पेपर आहे. उर्दू आपल्या घराची जबान आहे, ती राहीलच. पण पोरांची रोजी मराठीतून येणार असेल, तर मराठीचा तास पुरा भरवणे हे आमचे फर्ज आहे.