आजी-आजोबा आणि बालवर्ग : एक मागोवा

नोकरीनिमित्त परप्रांती स्थिरावलेल्या आम्हा मंडळींकडे वृद्ध आईवडील राहावयास येतात. त्यांच्या सुखसोयींत आम्ही उणे पडू देत नाही; परंतु शेजार परभाषिक आणि नातवंडे शाळेत, त्यामुळे त्यांचा दिवस रिता जातो.

एकत्र कुटुंबात जे सहज घडे, ते कुटुंबे विभागल्यावर योजनापूर्वक घडवावे लागले, असे इतिहास सांगतो. १९६५ साली अमेरिकी सरकारने साठी उलटलेल्या गरीब वृद्धांना अल्प मानधन देऊन संस्थांतील बालकांच्या सहवासासाठी नेमण्यास आरंभ केला. टोकियोच्या एदोगावा भागात १९७६ मध्ये वृद्धाश्रम व शिशुशाळा एकत्र आल्या. सिअ‍ॅटलच्या एका वृद्धनिवासात १९९१ साली शिशुशाळा निघाली. पुढे बाल्टिमोरच्या प्राथमिक शाळांत ज्येष्ठ मंडळी आठवड्यास १५ तास मुलांना वाचनात साहाय्य करू लागली. त्यांची पाहणी झाली, तेव्हा त्यांचे हिंडणेफिरणे वाढल्याचे व अडीअडचणीस हाक मारण्याजोगी माणसे त्यांना लाभल्याचे आढळले.

या सर्व प्रयोगांत वृद्धांना केवळ विरंगुळा नव्हे, तर जबाबदारी मिळाली. आम्ही मात्र गणेशोत्सवात ज्येष्ठांना पहिल्या रांगेत बसविले, शाल-श्रीफळ दिले आणि बालवर्ग कधी त्यांच्या हाती सोपविला नाही. आमची मुले मराठी समजतात, पण उत्तर हिंदीत देतात, याचे कारण येथेही शोधावयास हवे. सुवर्णमहोत्सवी वर्षात ही उणीव दूर करण्याचा संकल्प आम्ही सोडू या. रविवारचा एक तास त्यास पुरेसा आहे.