मूळव्याध व भगंदर : उपचारांचा ऐतिहासिक आढावा (भेस्तान येथील कामगार वस्तीच्या संदर्भात)

प्रास्ताविक

सुरत शहराच्या दक्षिणेस, मुंबई-सुरत लोहमार्गावर सचिन आणि उधना या स्थानकांच्या मध्ये भेस्तान आहे. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या तापी खोऱ्यातील रेल्वेने खानदेशातील असंख्य मराठी कुटुंबे या पट्ट्यात आली आणि यंत्रमाग व कापड प्रक्रिया उद्योगात स्थिरावली. बारा-बारा तासांची पाळी, उकाड्यात कमी पाणी पिणे, अवेळी खाणे आणि शौचाची वेग दाबण्याची सवय ही येथील कामगाराची दिनचर्या आहे. बद्धकोष्ठता व त्यातून उद्भवणारे गुदद्वाराचे विकार यांना ती पोषकच ठरते. तरीही या विकारांबद्दल घरातदेखील बोलले जात नाही. प्रस्तुत लेखात या विकारांवरील उपचारांचा इतिहास थोडक्यात मांडून, त्यातून शिक्षकांना काय घेता येईल, याचा विचार केला आहे.

या विकारांत तीन प्रमुख आहेत. गुदमार्गातील रक्तवाहिन्यांच्या गाद्या फुगून खाली सरकतात ती मूळव्याध, म्हणजेच अर्श किंवा बवासीर. कठीण मळाने त्वचेला चीर पडून तीव्र वेदना होतात ती गुदचीर (फिशर). गुदमार्ग व बाहेरील त्वचा यांच्यामध्ये पू वाहणारी नळी तयार होते तो भगंदर.

प्राचीन भारतीय परंपरा

सुश्रुतसंहितेत बरे होण्यास कठीण अशा आठ महाव्याधींत अर्श आणि भगंदर या दोहोंची गणना आहे. अर्शावर औषध, क्षार, अग्निकर्म व शस्त्रकर्म असे चार उपाय सांगितले असून भगंदराचे पाच प्रकार वर्णिले आहेत. चरकसंहितेने अर्शाच्या रुग्णासाठी ताकाचे महत्त्व आवर्जून सांगितले. सुरणाला संस्कृतात ‘अर्शोघ्न’ असे नावच मिळाले. अकराव्या शतकात चक्रपाणिदत्ताने निवडुंगाचा चीक व हळद लावलेल्या दोऱ्याचा प्रयोग नोंदविला.

अरबी व युनानी वैद्यक

ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिस याच्या नावावरील ग्रंथांतही भगंदरासाठी दोरा व घोड्याचा केस वापरण्याची कृती आढळते. बगदादमध्ये अब्बासी खलिफांच्या काळात बरमकी वजिरांच्या आश्रयाने ग्रीक आणि भारतीय असे दोन्ही प्रवाह एकत्र आले. सुश्रुताचा ग्रंथ तेथे ‘सुस्रुद’ या नावाने अरबीत उतरला. या देवाणघेवाणीची खूण आजही युनानी दवाखान्यात दिसते. ‘इत्रीफल’ हा शब्द मूळ ‘त्रिफळा’ होय, आणि बवासीरवर दिल्या जाणाऱ्या ‘इत्रीफल मुकिल’मधील मुकिल म्हणजे आपला गुग्गुळ.

स्पेनमधील अल-झहरावी याने तीस भागांच्या ‘अत-तसरीफ’च्या शेवटच्या भागात शस्त्रक्रियेचे विवेचन केले व त्यात या विकारांवरील कृती दिल्या. बाराव्या शतकात त्याच्या लॅटिन भाषांतरामुळे युरोपला हे ज्ञान मिळाले. इब्न मैमून (११३८-१२०४) या ज्यू वैद्याने कैरोत अरबी भाषेत केवळ मूळव्याधीवर सात प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. आहार व पचन सुधारण्यावर त्याचा भर होता. मूळ कारण दूर न करता कापले, तर व्याधी परत येते, असा इशारा त्याने दिला होता.

युरोप व आधुनिक काळ

इ. स. १६८६ मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या भगंदरावर शार्ल-फ्रांस्वा फेलिक्स याने शस्त्रक्रिया केली. त्यापूर्वी त्याने गरीब रुग्णांवर सराव केल्याचे सांगितले जाते. १८३५ मध्ये फ्रेडरिक सॅमन याने लंडनमध्ये गरिबांसाठी याच विकारांचा दवाखाना काढला. तोच पुढे सेंट मार्क्स रुग्णालय म्हणून प्रसिद्ध झाला. १९३७ मधील मिलिगन-मॉर्गन शस्त्रक्रिया, १९६३ मधील बॅरन यांची रबर बँड पद्धत हे पुढचे टप्पे होत.

भारतात १९६०च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षारसूत्राला नवे जीवन दिले. दोऱ्यावर निवडुंगाच्या चिकाचे ११, चीक व आघाड्याच्या क्षाराचे ७ आणि चीक व हळदीचे ३ असे एकूण २१ लेप देण्याची पद्धत ठरविण्यात आली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांत घेतलेल्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. क्षारसूत्राने जखम भरण्यास सुमारे ८ आठवडे व शस्त्रक्रियेने ४ आठवडे लागले. मात्र भगंदर पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के, तर शस्त्रक्रियेत ११ टक्के होते. परंपरेचा केवळ गौरव न करता तिची कसोटी घेणे म्हणजे काय, याचे हे चांगले उदाहरण आहे.

प्रतिबंध व शिक्षकांची भूमिका

इब्न मैमूनचा आहारावरील भर आजही ग्राह्य आहे. भाकरी, डाळी, पालेभाज्या, फळे, पुरेसे पाणी, वेग न दाबणे, शौचास कुंथत न बसणे आणि कोमट पाण्यात बसून शेक घेणे एवढ्यानेच सुरुवातीची मूळव्याध व ताजी गुदचीर बहुधा आटोक्यात येते. भगंदर मात्र केवळ गोळ्यांनी क्वचितच बरा होतो. त्यासाठी प्रशिक्षित शल्यचिकित्सकच हवा. ‘बिना ऑपरेशन, एका इंजेक्शनात इलाज’ अशा पाट्या लावणाऱ्या अप्रशिक्षित माणसाकडे गेल्याने गुदद्वाराच्या स्नायूला इजा होऊन मळावरील ताबा कायमचा जाऊ शकतो.

सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे शौचातून पडणारे रक्त दर वेळी मूळव्याधीचेच असते असे नाही. मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगातही हेच लक्षण दिसते. ‘मूळव्याधच असेल’ असे समजून लाजेपोटी महिनोन्‌महिने थांबल्यास बरा होणारा रोग हाताबाहेर जाऊ शकतो. रक्तस्राव सुरू राहिल्यास, वजन घटल्यास किंवा शौचाच्या सवयीत बदल झाल्यास तपासणी करून घेतलीच पाहिजे. स्त्रिया गरोदरपणात व बाळंतपणानंतर हा त्रास मुकाट्याने सोसतात, त्यांच्यापर्यंत ही माहिती पोहोचणे विशेष गरजेचे आहे.

समारोप

काशी, बगदाद, कॉर्डोबा, कैरो येथील विद्वानांनी ज्या विकारावर निःसंकोच ग्रंथ लिहिले, त्याचे नाव घ्यायला आज आपण कचरतो. भेस्तानसारख्या वस्तीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे वडील रात्रपाळीत मागावर उभे असतात. वर्गात ऐकलेली गोष्ट तो विद्यार्थी घरी नेतो. वैद्यकाच्या इतिहासाचा एक तास या विषयाला दिला, तर संकोच थोडा कमी होईल आणि एखादा रुग्ण वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोहोचेल. शिक्षकांनी एवढे जरूर करावे.