अणुभट्टीत तयार होणारा वायू जातो कुठे?

मी मालवणचा, कामाने सॉफ्टवेअर इंजिनीअर. प्रस्तावित जैतापूर प्रकल्प रत्नागिरी जिल्ह्यात असला तरी आमच्या विजयदुर्गपासून फार लांब नाही. त्यामुळे आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो: "त्या चिमणीतून नेमकं काय बाहेर पडणार?" चला, समजून घेऊया.

वायू येतो कुठून?
युरेनियमचा अणू फुटला की त्याचे बहुधा दोन तुकडे होतात. त्यातले काही वायू असतात: झेनॉन आणि क्रिप्टॉन. आयोडीनचीही उष्णतेने वाफ होते. हे वायू मुख्यतः इंधनातच अडकून राहतात. तारापूरला १९६९ पासून चालू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्यांत इंधन झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत असतं. नळीला बारीक चीर गेली तर वायू पाण्यात उतरतो, वाफेबरोबर टर्बाइनकडे जातो आणि पुढे कंडेन्सरमधून वेगळा काढावा लागतो.

भट्टी वायूनेच थंड केली तर?
चीनमधल्या शांडोंगची एचटीआर-पीएम भट्टी (व्यावसायिक वापर डिसेंबर २०२३ पासून) हेलियमने थंड होते. तिथे इंधनाचा प्रत्येक कण १ मिलिमीटरहून लहान असतो. त्यावर कार्बन आणि सिलिकॉन कार्बाइडचे थर असतात. सगळ्यात आतला थर सच्छिद्र असतो, म्हणजे वायूला आतच जागा मिळते. तरीही थोडा निसटला तर तो हेलियममध्ये मिसळतो. म्हणून अशा भट्ट्यांत थोडं हेलियम सतत बाजूला काढून गाळतात आणि परत सोडतात.

खरी युक्ती: थांबणं
झेनॉन, क्रिप्टॉन सहसा कशाशीच संयोग करत नाहीत, त्यामुळे रसायन टाकून ते पकडता येत नाहीत. मग त्यांना सक्रिय कोळशाच्या टाक्यांतून पाठवतात. हा कोळसा नारळाच्या करवंटीपासूनही बनतो, घरच्या वॉटर फिल्टरमध्ये असतो तसाच. वायूचे अणू कोळशाला चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. पुढे सरकायला खूप वेळ लागतो. तेवढ्यात किरणोत्सार कमी होतो.

झेनॉन-१३३ चं अर्धायुष्य सुमारे ५.२ दिवस. दहा अर्धायुष्यं, म्हणजे साधारण ५२ दिवस थांबलं की फक्त १०२४ वा भाग उरतो. (हो, आपला तोच १०२४!) आयोडीन-१३१ ला ८० दिवस लागतात, ते खास प्रक्रिया केलेल्या कोळशावर पकडून ठेवतात.

क्रिप्टॉन-८५ चं गणित वेगळं आहे. अर्धायुष्य सुमारे १०.७ वर्षं, इतकं कोण थांबणार? तो बहुधा मोजून, हवेत विरळ करून उंच चिमणीतून सोडतात. भारतात ही मर्यादा अणुऊर्जा नियामक मंडळ ठरवतं.

लक्षात ठेवा
हे सगळं रोजच्या कामकाजाचं. इंधन वितळून यंत्रणाच फुटली, तर थांबायला वेळच मिळत नाही; तो प्रश्न वेगळा. जैतापूरसाठी ठरवलेल्या सहा ईपीआर भट्ट्या (प्रत्येकी सुमारे १६५० मेगावॉट) हेलियमच्या नसून पाण्याच्या आहेत, पण वायूला थांबवण्याचं तत्त्व तेच.

पुढच्या वेळी व्हॉट्सॲपवर "विषारी वायू" किंवा "शंभर टक्के सुरक्षित" असा फॉरवर्ड आला की तीन गोष्टी विचारा: कोणता वायू, किती बेकरेल आणि मर्यादा किती?