विद्युत् रोध व शक्ती यांचे गणन
संवाहकाच्या दोन टोकांमधील विद्युत् दाब व्होल्टमध्ये आणि त्यातून वाहणारा प्रवाह अँपिअरमध्ये मोजला, की त्याचा रोध व त्यात खर्च होणारी शक्ती ही दोन्ही गणिताने काढता येतात. दाबाला प्रवाहाने भागल्यास रोध ओहममध्ये मिळतो. दोहोंचा गुणाकार म्हणजे वॉटमधील शक्ती. पाणी तापविण्याच्या हीटरला २३० व्होल्ट दाब दिला असता ४.६ अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर त्याचा रोध ५० ओहम आणि शक्ती १,०५८ वॉट ठरते. रोध तोच राहून दाब निम्मा झाला, तर प्रवाहही निम्मा होतो व शक्ती एक चतुर्थांशावर येते.

स्थिर तापमानाला धातूंमध्ये दाब व प्रवाह यांचे गुणोत्तर कायम राहते, हा गेओर्ग झिमोन ओहम यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम होय. त्यातील तापमानाची अट फार महत्त्वाची आहे. १०० वॉटच्या टंगस्टन दिव्याचा रोध २३० व्होल्टवर पेटलेला असताना ५२९ ओहम असतो. तीच तार थंड असताना तो याच्या दहाव्या भागाहूनही कमी भरतो. म्हणून विझलेल्या दिव्याचा रोध मल्टिमीटरने मोजून त्यावरून शक्ती काढल्यास उत्तर चुकते. प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणाऱ्या पंखा, पंप यांसारख्या यंत्रांत दाब व प्रवाह यांच्या गुणाकाराला शक्तिगुणकानेही गुणावे लागते. तेथे भागाकारातून मिळतो तो संरोध, निव्वळ रोध नव्हे.