मनगटावरच्या दागिन्याची कुळकथा

शहापूर-मुरबाडकडे काय किंवा उरलेल्या महाराष्ट्रात काय, नवरदेवाच्या मानपानात अंगठी आणि घड्याळ यांची जोडी फार वर्षं ठरलेली. अंगठी सोनाराची, घड्याळ घड्याळजीचं. तरी यादीत दोघं शेजारी, कारण घड्याळ दागिन्यांतच धरलं जाई.

लग्नात वेळ मोजायचं साधन त्याआधीही होतं. तळाला बारीक भोक पाडलेलं घटिकापात्र पाण्यात सोडायचं, ते बुडालं की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटं झाली. ते भटजींचं, अंगावर मिरवायचं नव्हे. मिनिटांची निकड आणली रेल्वेनं. १ ऑक्टोबर १८५५ला कल्याणहून गाडी वाशिंदपर्यंत आली, १८६१च्या आरंभी कसाऱ्याला पोचली. मुरबाड मात्र रुळांपासून दूरच राहिलं. १८६५मध्ये फावर-ल्युबा या स्विस कंपनीनं मुंबईत बस्तान बसवलं. साखळीचं घड्याळ ही तेव्हा साहेबाची, सरदाराची आणि शेठजींची चैन.

पण घड्याळ आणि सोनं यांचं नातं त्याहून पुष्कळ जुनं, आणि जुळलं ते एका बंदीमुळे. सोळाव्या शतकात जिनिव्हात कॅल्व्हिनच्या कडक धर्मसुधारणेनं दागिने मिरवण्यावर गदा आणली. सोनारांचे हात रिकामे झाले आणि त्यांतले बरेच घड्याळांकडे वळले; वेळ बघायला कोण हरकत घेणार! कोरीव डब्या, मीनाकारी, जडाव अशी सगळी कला घड्याळाच्या आडून जगली. १६०१मध्ये तिथं घड्याळजींचा स्वतंत्र संघही उभा राहिला.

मनगटावर घड्याळ आलं तेही बांगडी म्हणूनच. नेपल्सच्या राणीसाठी ब्रेगे या घड्याळजीनं १८१०मध्ये असं घड्याळ करायला घेतलं. त्याचा पट्टा केस आणि सोन्याची तार गुंफून केलेला होता. पुरुषांनी ही बायकी वस्तू म्हणून नाकं मुरडली, ती पहिल्या महायुद्धापर्यंत. आपल्याकडे नेमका नवरदेवच घड्याळासाठी रुसायचा, ही गंमतच.

आता खरी अडचण. आपलं दागिन्याचं सोनं बावीस कॅरेटचं, मऊ. घड्याळाच्या डबीला स्क्रूचे आटे पाडायचे, मागचं झाकण घाम आणि धूळ अडवील इतकं घट्ट बसवायचं, पट्ट्याची कडी ओढ सोसेल अशी करायची. बावीस कॅरेटवर हे धड टिकत नाही. म्हणून घड्याळ अठरा कॅरेटचं. शंभरात पंचाहत्तर भाग सोनं, बाकी तांबं-चांदी. डाग द्यायचा, खडे जडवायचे तेही डबी रिकामी असताना. आच लागली की मशीन कामातून गेलं. ज्याला कारागीर ताकद म्हणतो, त्यालाच आपलं गिऱ्हाईक भेसळ समजतं.

जिनिव्हातली बंदी आपल्याकडे वेगळ्या रूपात आली. जानेवारी १९६३मध्ये सुवर्णनियंत्रण लागू झालं आणि चौदा कॅरेटपेक्षा चोख सोन्याचे नवे दागिने करायला मनाई झाली. हजारो सोनारांचे संसार उघड्यावर पडले. एचएमटीची घड्याळं १९६१पासून निघू लागली होती, पण तो सरकारी कारखाना. बेकार सोनाराला तिथं कोण विचारणार? दोन्ही कारागिऱ्या एका छपराखाली येण्याची ती वेळ हुकली असं मला वाटतं.

सुवर्णनियंत्रण कायदा १९९०मध्ये गेला. मग टायटननं, म्हणजे घड्याळवाल्यांनीच, सोनारकामात हात घातला. टायटनचे प्रमुख झर्क्सिस देसाई यांच्या डोक्यातली ‘तनिष्क’ ही दागिन्यांची पेढी मुळात युरोपला जडावाची घड्याळं आणि दागिने पाठवून परकीय चलन मिळवण्यासाठी होती. ते फारसं साधलं नाही, म्हणून मोहरा देशाकडे वळला. इथं अठरा कॅरेटचे दागिने मांडले, तर गिऱ्हाइकानं पाठ फिरवली. शेवटी बावीस कॅरेटवर यावं लागलं, आणि मग दुकान चाललं.

आजोबांचं ‘सोन्याचं’ घड्याळ तुमच्या कपाटात असेल, तर मोडीत घालण्याआधी झाकणामागची अक्षरं वाचा. स्टेनलेस स्टील असं लिहिलेलं असेल, तर वर बहुधा नुसता मुलामा आहे. अठरा कॅरेटचा शिक्का असला, तरी आधी घड्याळजीला दाखवा. सोनार फक्त डबीच्या वजनाचे पैसे देईल.