जुन्या सह्या, जुने बिल्ले आणि त्यांचा सन

जुन्या मोडी कागदांचा काल ठरविण्यांत आमच्या इतिहाससंशोधकांनीं जी चिकाटी दाखविली ती सर्वश्रुत आहे. पत्रावर नुसता चंद्र लिहिलेला असावा, सन मुळींच नसावा, आणि संशोधकानें शुहूर, फसली व शक यांचा मेळ घालून, मजकुरांतील एखाद्या स्वारीच्या उल्लेखावरून वर्ष निश्चित करावें, हा प्रकार आपल्याकडे नवा नाहीं. शिवछत्रपतींचा जन्म १६२७ चा कीं १६३० चा, या एका प्रश्नावर किती शाई खर्च झाली! परंतु हीच दृष्टि एखाद्या जुन्या बॅटीकडे, शाळेंतील बिल्ल्याकडे अगर क्रिकेटपटूच्या सहीकडे वळवावी, असें फारसें कोणास सुचत नाहीं. खेळ म्हणजे पोरांचा उद्योग आणि त्याच्या वस्तु म्हणजे माळ्यावरची अडगळ, ही समजूत अद्यापि गेलेली नाहीं.

गेल्या वर्षीं उमरग्यास एका स्नेह्यांच्या वाड्यांत आम्हांस अशाच अडगळींतील एक पेटी पाहावयास मिळाली. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरील हें गांव सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें, हें ध्यानांत धरल्यावांचून त्या पेटीचा उलगडा होण्यासारखा नव्हता. आंत धांवण्याच्या शर्यतीचें एक उर्दू प्रशस्तिपत्र, एक काळवंडलेला बिल्ला व एक फाटकी वही, एवढाच ऐवज. वहीच्या शेवटच्या पानावर इंग्रजी सही होती, ती सी. के. नायडू यांची म्हणून सांगत. सिकंदराबादेस मोइनुद्दौला सुवर्णचषकाचे सामने १९३०-३१ पासून होऊं लागले. तेव्हांच आजोबांनीं ती मिळविली, अशी घरची कथा. प्रशस्तिपत्र मात्र आजोबांचें नव्हे, हें सर्वांनीं कधींच ठरवून टाकलें होतें. त्यावर सन १३४६ होता. कोणा जाणत्यानें तो हिजरी धरून १९२७-२८ हें साल काढून दिलें, आणि त्या सालीं आजोबा अवघे आठ वर्षांचे! मोठ्या मुलांच्या शर्यतींत आठ वर्षांचें पोर पहिलें कसें येईल? सबब पत्र एखाद्या थोरल्या चुलत्याचें, आणि आजोबांच्या धांवण्याच्या गोष्टी म्हणजे म्हाताऱ्याच्या बढाया.

आम्हीं तें पत्र उजेडांत नेलें. सनाच्या अलीकडे महिना लिहिला होता, तो 'बहमन'. हिजरी सनांत या नांवाचा महिनाच नाहीं. निजामाच्या कचेऱ्यांत फसली सन चाले. त्याचे महिने आजूर, दै, बहमन असे इराणी नांवांचे असत आणि वर्ष ऑक्टोबरांत सुरू होई. या फसलींत ५९० मिळविले म्हणजे वर्षारंभाचा इसवी सन येतो. तेव्हां बहमन १३४६ म्हणजे १९३६ च्या डिसेंबराचा सुमार. आजोबा त्या वेळीं सतरा वर्षांचे होते. त्यांच्या वृद्ध कन्या शेजारींच बसल्या होत्या. त्यांनीं हिशेब दोनदां करावयास लाविला आणि मग पदर डोळ्यांस लावून म्हणाल्या, "म्हणजे आमचे दादा खरंच पळत होते की हो!" एका महिन्याच्या नांवानें मनुष्याचा शब्द खरा ठरला.

सहीचें प्रकरण इतकें सुखाचें झालें नाहीं. तिची रेघ सर्वत्र सारख्या जाडीची, कागदांत खोल रुतलेली, आणि वळणावळणावर शाईचे बारीक ठिपके. टांकाची शाई पसरते. तिची रेघ दाबाप्रमाणें जाड-बारीक होते. हें काम उघड उघड बॉलपेनाचें होतें, आणि तीं पेनें अमेरिकेच्या बाजारांत आलीं तींच मुळीं १९४५ च्या अखेरीस. शंकेस जागा राहिली होती ती वहीच्या पुठ्ठ्यानें घालविली. त्यावर आणे आणि नवे पैसे यांचें कोष्टक छापलेलें होतें! नवे पैसे चलनांत आले ते १ एप्रिल १९५७ रोजीं. तेव्हां १९३० च्या आगेमागें ही सही झाली असणें शक्यच नव्हतें. १९३२ सालीं लॉर्ड्सवर हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटी सामन्यांत नायकत्व करणारे नायडू साठी उलटल्यावरही रणजी सामन्यांत खेळले, आणि नोव्हेंबर १९६७ पर्यंत हयात होते. अर्थात् कथा गेली म्हणून सही गेली असें होत नाहीं. मधल्या दहा वर्षांत ती त्यांनीं केलेली असूं शकेल. हें आम्हीं सांगितलें, पण घरांतील एका तरुणाचा चेहरा उतरला. कोणा व्यापाऱ्यानें १९३० च्या सुमाराची सही म्हणून त्यास बरी किंमत सुचविली होती, आणि आमचा दाखला मिळाल्यास ती वाढणार होती. दाखला आम्हीं दिला नाहीं.

अशा खुणा शोधणारास पुष्कळ सांपडतात. बॅटीवर सियालकोटच्या कारखान्याचें नांव व त्याखालीं 'इंडिया' असेल तर ती फाळणीपूर्वीची. फाळणीनंतर तो धंदा करणारे पुष्कळ लोक जालंदरास आले. पत्त्यांत सहा आंकडी पिन असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ च्या पूर्वींचा नव्हे. 'जिल्हा धाराशिव' असें सरकारी शिक्क्यांत आलें तें २०२३ नंतर. संघाच्या सह्यांचें पान असल्यास नांवेंच बोलतात: थोरले पतौडी नायक आणि त्यांच्या हाताखालीं अब्दुल हफीज, असा हिंदी संघ १९४६ च्या इंग्लंडच्या दौऱ्यावांचून दुसरा नाहीं, हेच हफीज पुढें कारदार या नांवानें पाकिस्तानचे नायक झाले. मात्र बॅटीवर ठशानें उमटविलेली सही ही सही नव्हे, हें किती जणांस सांगावें!

राहिला तो बिल्ला. त्यावर ना सन, ना शाळेचें नांव. नुसती धांवणाऱ्या मुलाची आकृति, तीही झिजलेली. तो त्याच शर्यतीचा असावा असें घरांतील सर्वांनाच वाटूं लागलें होतें आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही. आत्याबाईंनीं चिठ्ठी लिहून देण्याचा आग्रह केला. प्रशस्तिपत्राच्या चिठ्ठीवर आम्हीं 'बहमन १३४६ फसली, डिसेंबर १९३६ चा सुमार' असें लिहिलें. वहीच्या चिठ्ठीवर 'एप्रिल १९५७ नंतर'. आणि बिल्ल्याची चिठ्ठी कोरीच ठेवून ती त्याच्याबरोबर पेटींत घातली.